तराईचे दिवस

"मिनलताई, घमेलं उचलाचं काही काम असन तं सांगा. नऊ दिवसांचं पायजे," गोपिका म्हणाली आणि दारातल्या पायरीवरच बसली. एवढं बोलताना मध्ये दोनदा तिला श्वासासाठी थांबावं लागलं.

गोपिका रेजा आहे. मिस्त्रीच्या हाताखाली विटा, रेती, सिमेंटचा माल वाहून देणारी. मागच्या हिवाळ्यात बेसा भागातल्या आमच्या घरावर एक खोली चढवली, तेव्हा ती रामाजी मिस्त्रीसोबत आली होती. मी कुणाचं लवकर कौतुक करत नाही, सासरी त्याबद्दल माझं नावच आहे. पण ही बाई खालून वीट फेकायची आणि रामाजी न बघता वरच्यावर झेलायचा, ते बघत मी गॅसवर दूध उतू जाऊ दिलंय.

आता त्याच बाईच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशन लवकर करा आणि तोवर पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इलाजाच्या एका सरकारी योजनेत तिच्या नावाचा घोळ निघाला, तो कधी सुटेल हे कुणी सांगेना. उरलं बांधकाम कामगारांचं कार्ड. त्यावर ऑपरेशन होणार होतं, पण वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केलं, असं काम देणाऱ्यांकडून लिहून आणायची अट होती. रोजीसाठी सकाळी चौकात, ठिय्यावर उभं राहणाऱ्या माणसाला रोज नवा मालक. ही बिचारी थांबत थांबत घरोघरी जाऊन सह्या गोळा करत होती, आणि तरी नऊ दिवस कमी पडत होते.

"म्हणजे डॉक्टर म्हणतात उचलू नको, आणि कार्डवाले म्हणतात उचलल्याशिवाय कार्ड नाही," मी म्हटलं. माझं डोकं तापलं. "आणि तू निघालीस घमेलं उचलायला. जिन्यावर जीव गेला तर कार्ड कोणासाठी काढशील वं?"

"माह्या पोरीची, काजलची बारावी व्हाची हाय अजून. मले मराचं नाही, ताई. म्हनूनच तं काम मांगून राहिली."

मी म्हटलं, कागद आण, आमच्याकडचे नऊ दिवस जास्त लिहून देते. ती उठायलाच लागली.

"खोटं लिहून पायजे असतं तं एजंटाकडूनच घेतलं नसतं का? तुमच्याकडं कामासाठी आली मी."

तिला हात धरून बसवलं, चहा टाकला. रागाच्या भरात मला चहा फार चांगला जमतो. उकळी येईपर्यंत आमच्या खोलीचे दिवस मनातल्या मनात मोजून बघितले. विटांची जोडाई, प्लास्टरची छपाई, सगळं तिने सांगितलं तसंच होतं. मग एकदम लक्षात आलं.

"गोपिका, तराई धरलीस का यात?"

नवीन छपाईला आठवडाभर पाणी मारावं लागतं, नाहीतर भिंतीला भेगा पडतात. त्याला आमच्याकडे तराई म्हणतात. मिस्त्री हिशेब घेऊन दुसऱ्या साइटवर गेलेला असायचा. तरी ही बाई ठिय्यावर जायच्या आधी, उजाडता उजाडता आमच्या गच्चीवर पाइप घेऊन उभी असायची. आमचे हे कोराडीला पॉवर स्टेशनात आहेत. पहिल्या पाळीला निघताना तेच तिला फाटक उघडून द्यायचे.

गोपिकाला हसू आलं, पण ते पुरतं हसायलाही तिच्याजवळ दम नव्हता. "त्याले कोनी काम म्हनते का, ताई? रोजी घेतली तो कामाचा दिवस. आपल्या हातची भिंत आपनच भिजवाची असते. माय पन तसंच करे."

"भिजवली नसती तर?"

"तडकली असती."

"मग ते काम नाही तर काय आहे?"

बाकीची घरं विचारली, तर सगळीकडे तोच प्रकार. पण तिथली तराई कोणत्या दिवशी केली, हे आता ना तिला सांगता येत होतं ना घरमालकांना. आमच्या दोन भिंती वेगवेगळ्या आठवड्यांत भिजवल्या होत्या, ती तराई मात्र मला पक्की आठवत होती. त्यातले तिला दुसरीकडे रोजी न लागलेले दिवस धरले तरी नऊ भरून वर उरत होते.

दुसऱ्या दिवशी तिला ऑटोत घालून मी कामगारांच्या ऑफिसात नेलं. खिडकीमागे रजत नावाचा तरुण क्लार्क होता. भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते, पण तो सरळ निघाला. त्याने माझं लिहून दिलेलं नीट वाचलं.

"काकू, तराई बांधकामातच येते, मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "पण जोडाई-छपाईच्या तारखा यांनी आधीच दिल्यात, आणि तराईच्या तुम्ही आज आठवून लिहिल्या. असे कागद रोज येतात माझ्याकडे. एखादा पुरावा द्या, मी लगेच धरतो."

पहाटे पाणी मारणाऱ्या बाईचा पुरावा कोण ठेवतो? गोपिका बाकावर बसली होती, ओठ निळसर पडलेले. "राहू द्या, ताई," ती म्हणाली. "नऊ दिवस हळूहळू करून टाकीन मी." ही खरंच करणार, हे मला माहीत होतं.

आणि तेव्हा मला बापूजी आठवले.

बापूजी आमच्या समोर राहतात. रिटायर झाल्यापासून सगळ्या कॉलनीची जबाबदारी आपल्याच अंगावर आहे, असं त्यांना वाटतं. गोपिकाच्या तराईचं पाणी खाली रस्त्यावर यायचं, आणि त्यांच्या सकाळच्या फिरण्याचे पांढरे बूट चिखलात जायचे. रोज फाटकात उभं राहून ते वर ओरडायचे. एवढ्यावर भागलं नाही, म्हणून कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज फोटो टाकायचे: 'आज पुन्हा चिखल. जबाबदार कोण?' मी वैतागून ग्रुप बंद करून ठेवला होता. आता तिथेच उभी राहून तो उघडला, आणि बोटाने मागे मागे सरकवत गेले.

सगळं होतं. रोजची तारीख, रोजची वेळ, खाली चिखल आणि वर आमच्या गच्चीवर हातात पाइप घेतलेली गोपिका. मी बापूजींना मनापासून आशीर्वाद दिले. माझ्या हयातीत असं होईल, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती.

रजतने फोन हातात घेतला. सुरुवातीला हसला. "तक्रार करणारा माणूस खोटी साक्ष कशाला देईल?" म्हणत एकेक फोटो मोठा करून तारखेवर खूण करू लागला. मग त्याचं हसू गेलं. मी वाकून बघितलं.

पहिल्या फोटोंत गोपिका ताठ उभी होती, पाइप उंच धरून. नंतरच्यांत ती पाण्याच्या टाकीला टेकलेली होती. आणि शेवटच्या फोटोत ती विटांच्या ढिगावर बसलेली होती. एक हात छातीवर घट्ट दाबलेला, आणि दुसऱ्या हातातल्या पाइपाची धार बरोबर भिंतीवर. चिखल बघणाऱ्या बापूजींना ते दिसलं नव्हतं. त्याच गच्चीखाली झोपलेल्या मलाही नाही. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

रजतने फोन खिडकीतून गोपिकासमोर धरला. "मावशी, हे तुम्हीच ना?"

तिने फोटो जवळ घेऊन पाहिला आणि ओशाळली. चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली.

"त्या दिवशी बसूनच पानी टाकलं मी, साहेब. उभं राहवतच नव्हतं. तो दिवस नका धरू."

रजतने फोन परत घेतला. मग त्याने शिक्का पुढे ओढला.

"मावशी," तो म्हणाला, "तो दिवस मी सगळ्यात आधी धरतो."