बेसिनमधलं निळं पाणी

जावयाने तो व्हॉल्व्ह काढला तेव्हा घरात कुणी नव्हतं. ही गोष्ट आपल्या बाजूची धरावी की विरुद्ध, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

घर दोन मजली. खाली सासूबाई, वर जावई आणि त्याची बायको. रस्त्यावरच्या लाइनचं पाणी आधी सासूबाईंकडे यायचं, मग वर चढायचं. चढताना वाटेत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागायचा. मुठीएवढी पितळी वस्तू, काम एकच: वर गेलेलं पाणी परत खाली येऊ द्यायचं नाही. पण क्षार साचून साचून तो इतका तुंबला होता की आता पाण्याला वरही जाऊ देईना. शॉवरमधून पाणी यायचं ते रुसलेल्या माणसाच्या उत्तरासारखं, तुटक आणि उपकार केल्यासारखं. डोक्याचा साबण निघेपर्यंत बाकीचा माणूस वाळून जायचा.

"प्लंबरला बोलाव. साफ करून देईल तो," बायको म्हणाली.

"त्यात काय एवढं!" जावई म्हणाला. या वाक्याने आजवर घरातली इस्त्री, शेजाऱ्यांची सायकल आणि एका चुलतभावाचं ठरलेलं लग्न, इतकं बिघडवलं होतं.

त्याने व्हॉल्व्ह काढला आणि त्या जागी पाइपचा सरळ तुकडा बसवला. शॉवर असा सुटला की हातातला साबण उडून खिडकीत जाऊन बसला. व्हॉल्व्ह मोज्यात गुंडाळून कपाटात गेला. प्लंबरचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या रविवारी त्याने एक जुनी पँट रंगवायला काढली. बायको ती फेकून दे म्हणत होती, म्हणजे आता ती वाचवणं भागच होतं. बाथरूममधल्या टबात निळा रंग कालवला, पँट बुडवली आणि नळाला लावलेल्या रबरी पाइपचं टोक टबाच्या तळाशी सोडलं. टब भरत असतानाच पाणी गेलं. रस्त्यावर कुठेतरी दुरुस्ती निघाली होती. येईल तेव्हा येईल म्हणून नळ उघडाच ठेवून तो बाहेर जाऊन टीव्ही बघत बसला.

परत आला तर टब अर्धा रिकामा. त्याने टबाखाली वाकून पाहिलं. फरशी कोरडी ठणठणीत. पँट मात्र तळाशी चेहरा पाडून बसली होती.

तेवढ्यात खालून हाक आली. "जावईबापू, जरा खाली या बघू!"

सासूबाईंचा रफूचा धंदा. कोटाला पडलेलं भोक त्या असं बुजवत की गिऱ्हाईक घरी जाऊन भोक शोधत बसे आणि सापडलं नाही की कोट बदलला म्हणून तक्रार घेऊन येई. सगळी करामत रंग जुळवण्यात. नुसत्या करड्या रंगाचे धागे त्यांच्याकडे इतके होते की त्या धाग्यांनाही आपसांत ओळख पटली नसती. गेल्याच महिन्यात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं.

त्या बेसिनपाशी उभ्या होत्या. नळातून बारीक धार येत होती. पांढऱ्याशुभ्र बेसिनमध्ये पाणी साचलं होतं, आणि ते महागड्या हॉटेलच्या जाहिरातीतल्या समुद्रासारखं निळं होतं.

"हे पाणी तुम्हाला कसं दिसतंय?"

जावयाच्या डोक्यात टब, रबरी पाइप आणि मोज्यातला व्हॉल्व्ह एका रांगेत येऊन उभे राहिले. लाइनीतलं प्रेशर गेलं, खाली नळ उघडला आणि वरच्या टबातलं पाणी बिनविरोध खाली उतरलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"पाण्यासारखं," तो म्हणाला.

सासूबाईंनी उजवा डोळा झाकून पाहिलं. मग डावा झाकून. "दोन्हींनी निळंच दिसतंय. म्हणजे ऑपरेशन न केलेल्यालाही लागण झाली." मग त्यांची नजर खाली गेली. "अगंबाई, तुमचे हातसुद्धा निळे दिसतायत मला!"

जावयाने हातांकडे पाहिलं. मनगटापर्यंत निळे होते. "हात... हातासारखेच आहेत," तो म्हणाला आणि ते खिशात घातले. "आई, या पाण्याचा चहा वगैरे नाही ना केलात?"

"डोळ्यांचा नि चहाचा काय संबंध?"

"नाही, सहज."

नव्हता केला. तेवढ्या एका उत्तरावर तो कसाबसा जिना चढून वर आला.

पाणी आल्यावर त्याने सगळे नळ बराच वेळ सोडून ठेवले. व्हॉल्व्ह व्हिनेगरमध्ये बुडवून घासला आणि जागच्या जागी बसवला. साफ झालेल्या व्हॉल्व्हमधून शॉवरला पाणी अगदी झकास येऊ लागलं, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. पाण्याखाली उभं राहिलं की वाटे, आपण कुणाच्या तरी डोळ्यांवर आंघोळ करतोय.

तो सासूबाईंना ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बिघडवले त्यानेच. तो कशाला सांगेल?" पाणी आता स्वच्छ दिसतंय, हेही त्यांनी सांगून टाकलं. "पण एकदा खोटं बोललेल्या डोळ्यांवर पुन्हा भरवसा कसा ठेवायचा?" जावयाने रिक्षात बसल्या बसल्या खिशातले हात आणखी खोल घातले.

शुक्रवारी बायको वर आली ती सरळ पलंगावर बसली. "आई धाग्यांचा डबा देऊन टाकतेय. पलीकडच्या गल्लीतल्या रफूवाल्याला. आत्ता खाली बसलाय तो."

"त्याला? आईच म्हणतात ना, तो भोक बुजवत नाही, भोकाला कुंपण घालतो म्हणून?"

"हो. आणि आज त्यालाच चहा दिलाय तिने. रडली असती तरी बरं वाटलं असतं मला."

जावयाने पँट उचलली आणि खाली गेला.

रफूवाला करड्या धाग्यांची रिळं चिमटीत धरून बघत होता. सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

"आई, पाणी निळंच होतं," जावई दारातूनच म्हणाला. पँट पुढे केली. ती जागोजागी निळी होती, जागोजागी विचारात पडलेली होती. "हिचा रंग. वरचा व्हॉल्व्ह मी काढला होता, शॉवरसाठी. म्हणून टबातलं पाणी तुमच्या नळात उतरलं."

"आणि हात?"

"निळेच होते."

सासूबाईंनी एक डोळा झाकून त्याच्याकडे पाहिलं, मग दुसरा झाकून. दोन्हींना तोच दिसला असावा.

"म्हणजे मला जे दिसलं ते बरोबर दिसलं?" त्या हसल्या. अशा हसल्या की त्याला वाटलं, यापेक्षा चपलेने मारलं असतं तर वर जाऊन नीट जेवता तरी आलं असतं. मग त्यांनी रफूवाल्यासमोरचा डबा ओढून घेतला. "तुम्ही चहा घ्या सावकाश. धागे राहू द्या."

"पण मी पिशवी आणली होती," रफूवाला म्हणाला.

"ती घेऊन जा."

बायको जिन्यात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने प्लंबरचा नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये घालून दिला.

"पँट ठेवा इथे," सासूबाई म्हणाल्या. "मागे भोक पडलंय. बुजवून देते."

सोमवारी सकाळी पँट घडी घालून तयार होती. जावयाने उलगडली. टाके इतके बारीक की श्वास रोखावा. आणि धागा पिवळाधमक, बसायच्या जागेच्या अगदी मधोमध, रस्त्यापलीकडून दिसेल असा.

"आई, हा धागा..."

सासूबाई कुणाच्या तरी करड्या कोटावर वाकल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "का? कसा दिसतोय?"

जावई पँट घेऊन जिना चढला. मग ती घातली आणि कामावर गेला.