साहेबांच्या पोटावरचं पुण्य

पहिला फोटो.
विहाराची पायरी, उमेदवार थनेतसाहेब हात जोडून. कडेला अर्धी टोपली दिसते ती माझी: कमळं, उदबत्त्या, सोन्याचा वर्ख. टोपलीमागची मी कापली गेले. निवडणुकीला पाच दिवस होते.

"मावशी, एक वर्ख द्या. पाठीला लावणार आहे," साहेब म्हणाले. मला नाही, कॅमेऱ्याला.

मूर्तीच्या पाठीला वर्ख लावणारा आमच्याकडे खरा पुण्यवान. कुणाला दिसत नाही ना, म्हणून.

"मी कुणाला सांगणारही नाही. किट, हे घेतलंस का रे?"

किट म्हणजे त्यांचा फोटोवाला.

दुसरा फोटो नाही.
पहाटे मीही पाठीलाच लावला होता. थोरल्या बहिणीच्या, नुआनच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी अकराला होतं. कुणाला बोलले नव्हते.

तिसरा फोटो. हललेला.
मूर्ती आणि भिंत यांच्यात हातभर फट. साहेब शिरले आणि अडकले.

"साहेब, जरा इकडे बघा ना."

"मान वळत नाही, गाढवा!"

भन्तेजींनी आत डोकावून पाहिलं. "श्वास सोडा. भाषणात सोडता तसा, भरपूर."

ओढून काढले तेव्हा घामट सदऱ्यावर, बेंबीभोवती, सोनंच सोनं. मूर्तीची पाठ काळी. अख्ख्या गल्लीने गुपचूप केलेलं पुण्य साहेबांच्या पोटावर.

साडेदहा वाजले होते.

"हलू नका," मी म्हटलं आणि नखाने सोलायला लागले.

"ए बाई, काय करतेस?" मावशी आता बाई झाली होती.

"माझा वर्ख आहे तो."

"तुझाच कशावरून?"

"कोपरा दुमडला होता. हा बघा."

भाजीवाली सुदा पुढे घुसली. "खालचा माझा. जावई सुधारावा म्हणून लावला होता. सरक गं, फाटला तर तो आहे तसाच राहील!"

आणखी दोघी आल्या. चार बायकांचे हात पोटावर. साहेबांना गुदगुल्या झाल्या, ते खदाखदा हसले. किटने बटण दाबलं.

मी फटीत शिरले. वर्ख जागेवर दाबला. अकराला सात मिनिटं कमी होती.

चौथा फोटो. छापील.
'लाडक्या उमेदवाराला जनतेने चढवला वर्ख.' दुसऱ्या दिवशी नुआनची पट्टी काढली, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पेपरात तिला पहिलं हेच दिसलं.

"समॉन! अगं, कुणाच्या पोटाला वर्ख लावतेयस?"

"दिसतंय तुला?"

"बेंबीसकट."

मी तिथेच रडले.

थनेतसाहेब निवडून आले. नुआनच्या डोळ्याची बातमी सुदाने गल्लीभर केली होती, ती त्यांच्या कार्यालयापर्यंत पोचली; तिथून निघाली ती 'साहेबांच्या पोटाला वर्ख लावला की नवस फळतो' अशी. आता दर सोमवारी त्यांच्या दाराशी रांग असते. वर्ख माझ्याकडूनच नेतात.

"पोटालाच लावायचा ना, मावशी?"

"छे," मी सांगते. "पाठीला. त्यांचं लक्ष नसताना."