चिकटपट्टीची आतली बाजू

सासूबाईंनी चिकटपट्टी लावून बंद केलेल्या बरणीतली चॉकलेटं कमी होत होती आणि आळ सुनेवर आला होता. सून पोलिसांची ठसेतज्ज्ञ. तिने काचेवर काळी पूड फिरवली, तर एकही ठसा नाही, सासूबाईंचासुद्धा नाही!

"बरणी पुसलीय कुणीतरी."

मधुमेही सासरे पेपराआडून म्हणाले, "चोर हुशार दिसतोय, सूनबाई."

"अर्धवट हुशार, बाबा. चिकटपट्टी परत लावताना गोंदावर बोटं उमटतात. ती पुसता येत नाहीत."

पेपर खाली आला. "हिला सांगू नकोस. निम्मी तुला!"

"आई," सुनेने स्वयंपाकघराकडे हाक दिली, "चोर सापडला, वर लाच देतोय!"

चिकटपट्टी तिने अजून तपासलीच नव्हती.