बाहेरचा एक वापरकर्ता

आमच्या विभागात दोनच प्रकारचे लोक आहेत: ज्यांना टाइप थिअरी कळत नाही ते, आणि मी. बढतीचा फॉर्म अर्थातच पहिल्या प्रकारच्या लोकांनी बनवला होता. सातव्या रकान्यात विचारलं होतं, 'आपली प्रोग्रॅमिंग भाषा विद्यापीठाबाहेर कोण वापरतं? एका तरी वापरकर्त्याचं पत्र जोडा.'

जसा काही मी झाडू विकतो!

मी बनवलेल्या भाषेत, याच थिअरीच्या जोरावर, ग्रॅममध्ये लिटर मिसळायला जा, प्रोग्रॅम चालण्याआधीच अडवला जातो. हे मी एकशेबारा पानांत सिद्ध केलंय. शेजारच्या खोलीतल्या महाशयांच्या भाषेत काहीही सिद्ध झालेलं नाही, तरी ती हजारो लोक वापरतात. गाढवाला गुळाची चव काय! ते गेल्याच वर्षी प्रोफेसर झाले. माझी मात्र ही शेवटची संधी होती. नियमाप्रमाणे चौथा अर्ज करता येत नाही.

"अहो, अकरा वर्षांत एकानं तरी वापरली असेल ना?" बायको म्हणाली.

एकानं वापरली होती. जुन्या मेल्समध्ये सापडला: पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला एक तंत्रज्ञ. नऊ वर्षांपूर्वी त्यानं लिहिलं होतं, 'भाषा फार आवडली. पण चाळीस ओळींचा एरर मेसेज येतोय. माझं नेमकं कुठे चुकतंय, सांगाल का?'

खाली माझं उत्तर होतं: 'संदेश पूर्ण आहे. अपुरेपणा वाचणाऱ्यात आहे.'

उत्तर चोख होतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, तसे मीही धरले. चार गोड ओळी लिहून पत्र मागितलं. तासाभरात त्याचा मेल आला.

'सर, भाषा तेव्हाच सोडली. तुमचं उत्तर मात्र आम्ही नऊ वर्षं वापरतोय. छापून चौकशीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला लावलंय. नवीन माणूस रुजू झाला की त्याला आधी ते दाखवतो, म्हणजे विचारायला आलेल्याशी कसं बोलायचं नाही ते कळतं. तसं पत्र चालणार असेल तर लेटरहेडवर देतो.'

बायको मागे उभी राहून वाचत होती. मला वाटलं, आता हसेल. ती हसली नाही.

"आपल्या घरातही लावायला हवं होतं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

मला लाज वाटली. सातवा रकाना कोराच राहिला.