न्हाणीच्या दाराला लागलेलं तेल

दत्तप्रसाद मास्तरांनी गाडी घेतली ती लीलाबाईंसाठी. निदान सगळ्या वाडीला त्यांनी तसंच सांगितलं होतं. मास्तरांचा डावा गुडघा क्लच दाबायला तयार नव्हता, म्हणून आपोआप गिअर बदलणारी, जुनी पण धडधाकट गाडी. आता बायकोला एसटीत लोंबकळत माहेरी जायला नको.

गाडी यायच्या आधी लीलाबाई वर्षातून तीन-चारदा शिरोड्याला माहेरी जात. गाडी आल्यापासून एकदाही गेल्या नव्हत्या. कारण कुठे निघायचं ठरलं की मास्तर आधी गाडीचं काहीतरी उघडत, आणि ते परत जागेवर बसेपर्यंत जाण्याचं कारणच संपलेलं असे. भाच्याच्या लग्नाला ब्रेक उघडलेले होते, जत्रेला रेडिएटर.

या खेपेचं कारण मात्र पुन्हा येणारं नव्हतं. मथुरा बडोद्याहून शिरोड्याला आली होती. शाळेत एका बाकावर बसलेली, कैऱ्या एका खिशातून खाल्लेली मैत्रीण. आता तिचं तिथलं घर विकून झालं होतं आणि परवा सकाळी ती मुलाबरोबर कायमची जाणार होती. “उद्या ये गो,” ती फोनवर म्हणाली, “मगे खंय भेटतलंव आपण?”

“उद्या नेतोच तुला,” मास्तर म्हणाले. “पण एवढ्या लांब जायचं तर गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलायलाच हवा.” यंत्राचा आणि शिस्तीचा विषय निघाला की मास्तर शाळेतली मराठी बोलत.

“कुडाळच्या मेकॅनिकाक सांगा मां.”

“तो नुसतं ओततो. मोजत नाही.”

दुपारी गाडी जॅकने उचलून दारापुढच्या खळ्यात चिऱ्यांवर चढवली गेली. मास्तर पोटात शिरले. गिअरबॉक्सच्या तळाची परात सुटली आणि लीलाबाईंच्या आमसुलांच्या जुन्या घमेल्यात भळभळा तेल उतरलं. नवं असताना ते कोकमाच्या आगळासारखं लाल असतं म्हणे. हे काळपट, जळकट झालं होतं. घमेलं बाजूला सारून मास्तरांनी जुना फिल्टर ओढून काढला आणि ती परात घासायला विहिरीवर गेले. जाताजाता मोठ्याने म्हणाले, “तेल बघायची काडी या गाडीला नाही. जेवढं निघालं, तेवढंच नवं घालायचं. थेंब इकडे नाही की तिकडे नाही!”

हे त्यांनी गाडीलाच सांगितलं असावं. लीलाबाई तेव्हा चुलीवरची पेज ढवळत होत्या.

तेवढ्यात शेजारचा लवू डबा घेऊन आला. “काकी, मास्तरांनी तेल काढलानी मां? माझ्या मांगराच्या खांबांक वाळवी लागलीहा. वायच द्या.”

“व्हर रे. हंय ठेवन काय लोणचां घालूचां आसा?”

लीलाबाईंच्या सासूबाई काजूच्या टरफलांचं काळं तेल लाकडाला लावत. त्या गेल्या, ते तेलही गेलं. आता गाडीचं जळकं तेल मिळालं की लोक डबे घेऊन येतात. लवूच्या मागोमाग पलीकडची तुळसा आलीच. “लवूक दिलंस आणि माका इसारलंस गो, वयनी?” तिलाही दिलं. दारी आलेल्याला रिकामं पाठवायची रीत त्या घरात नव्हती. मग तळाला उरलं ते फुकट कशाला घालवायचं, म्हणून लीलाबाईंनी फडक्याने आपल्या न्हाणीच्या दाराला फासलं आणि घमेलं लख्ख घासून उपडं घातलं.

नवा फिल्टर चढवून, परात आवळून मास्तर बाहेर आले. “तेल खंय?”

“लवून व्हेल्यान. तुळसाक वायच दिलंय.”

“वायच म्हणजे किती?”

“वायच म्हणजे वायच!”

“अगो, तां माप होतां!” मास्तर डोक्याला हात लावून पायरीवर बसले. न्हाणीचा उल्लेख करायची ही वेळ नव्हे, असं लीलाबाईंना वाटलं.

लीलाबाई तेल परत मागायला गेल्या. दिलेलं परत मागायची त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच पाळी आली होती, आणि तीही वाया गेली. लवूच्या खोपटाचे खांब आणि तुळसाच्या कुंपणाचं बेडं तोवर तेल पिऊन चकाकत होतं. मग मास्तर स्वतः टेप घेऊन निघाले. लवू त्यांचा जुना विद्यार्थी.

“किती हात मारलेस?”

“पयलो लाकडान पिऊन टाकलो, सर. म्हणान दुसरो मारलंय.”

“किती प्यायलं?”

“लाकडाक कसां इचारतलंय, सर?”

“गणितात तू असाच होतास!”

संध्याकाळभर पडवीच्या काळ्या कोब्यावर खडूने लांबी, रुंदी आणि तेलाच्या थराची जाडी मांडली जात होती. सकाळी मास्तरांचा चेहरा उजळला. “जमला आकडा! लुगडं नेसून बस. ओततो आणि तासाभरात निघतो.”

लीलाबाई नेसून बसल्या. समोर न्हाणीचं दार उन्हात चमकत होतं. गप्प राहिलं, तर तेल कमी पडणार. गाडी वेंगुर्ल्याच्या अलीकडे कुठेतरी मान टाकणार, मास्तर ती तिथेच उघडणार आणि मथुरा बडोद्याला पोचणार. सांगितलं, तर गाडी निघणार नाही. गाडी निघणार नाही... त्या एकदम उठल्याच.

“अहो, ह्या हिशेबात आपल्या न्हाणीचो दरवाजो धरलात?”

खडू थांबला. “न्हाणीचो?”

“तळाक उरलेलां. फुकट कित्याक घालवचां, म्हणान...”

मास्तरांनी टेप उचलली.

“तंवसर मी शिरोड्याक जाऊन येतंय. लवू कट्ट्याच्या स्टँडार सोडता, फुडे एसटी.”

“एसटीन? गाडी दारात आसताना? लोक काय म्हणतले?”

“गाडी दारात आसा म्हणानच एसटीन जाऊचा लागता मां!”

कट्टा, कुडाळ, वेंगुर्ला. प्रत्येक गाडी बदलताना लीलाबाईंना गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच आपण कुठेतरी जातोय असं वाटलं. मथुरा बांधलेल्या खोक्यांमध्ये वाट बघत उभी होती. दोघी मागल्या पायरीवर बसल्या, ते उठायचं नावच नाही. कोणत्या बाई छडी डाव्या हाताने मारत, मिठागराच्या बांधावर मथुरेची चप्पल कुठे रुतली, ती काढताना कोण चिखलात बसलं, लीलाबाई एकेक सांगत गेल्या.

मथुरा हसून डोळे पुसत म्हणाली, “तुझ्या आठवणीक वाळवी कशी गो लागाक नाय!”

तेवढ्यात फोन वाजला. मास्तर. “लीला, दरवाजाला एक हात मारलास की दोन?”

खालच्या फळ्यांना दोन, वरच्यांना एक, आणि उरलेली दोन बोटं कडीला. लीलाबाईंना ते फडकंसुद्धा दिसत होतं. त्यांनी मथुरेकडे पाहिलं. उद्या ही पायरी कुणा दुसऱ्याची होती.

“माका काय आठवणा नाय, अहो,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या गाडीन येतंय, मगे बघून सांगतंय. तंवसर काय ओतू नकात.”

फोन पिशवीच्या तळाला ढकलून त्या मथुरेकडे वळल्या आणि त्या रुतलेल्या चपलेचा पट्टा कोणत्या रंगाचा होता, ते सांगू लागल्या.