मिर्झासाहेबांचा तझकिरा

सुरतेच्या बेगमपुऱ्यातल्या एका गल्लीत शेकडो यंत्रमागांचा धातुमय कोलाहल दिवसभर कोसळत असे, पायांखालची जमीनसुद्धा त्या लयीत थरथरत असे. आणि तरीही एका गोदामाच्या उघड्या दाराशी आले की त्या कोलाहलाच्या तळातून एक सूक्ष्म, खरखरीत, उजवीकडून डावीकडे सरकत जाणारा स्वर माझ्या कानी येई. पांढऱ्या कापडी पट्टीवर बोरू फिरण्याचा तो आवाज. कापडाच्या गाठींवर लावायच्या पट्ट्या लिहिणारा वृद्ध गृहस्थ मान वर न करता लिहीत राही. सुरतेच्या उकाड्यातही त्याच्या डोक्यावर करड्या लोकरीची टोपी असे, आणि त्याच्या अंगावर पडलेला उजेडसुद्धा जणू कुठल्यातरी थंड, उंच प्रदेशातून वाट चुकून आलेला वाटे.

सगळे त्यांना मिर्झासाहेब म्हणत. काबूलमध्ये आपसांतल्या टोळ्यांच्या तोफा रस्त्यारस्त्यांवर धडाडू लागल्या तेव्हा ते पत्नीला घेऊन दिल्लीला आले आणि तिथून सुरतेला, कारण गोदामाचा मालक, जो पूर्वी काबूलला रेशमासारखे दिसणारे सुरती कापड पाठवी, तो त्यांना ओळखत होता. त्याने गोदामावरची खोली दिली आणि फारसी पत्रव्यवहाराचे काम दिले. मिर्झा हे त्यांचे नावच, असा माझा कितीतरी दिवस समज होता. पुढे कळले की त्यांच्याकडे कारकुनालाच मिर्झा म्हणतात. म्हणजे मीही मिर्झाच! पालिकेच्या एका कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी लिहिणारी, अमळनेरहून मागावर काम करायला आलेल्या माणसाची, इथल्याच लिंबायत वस्तीत वाढलेली मुलगी.

प्लेगच्या त्या वर्षी, भाद्रपद सरताना, सुरत एकाएकी मुकी झाली. माणसे गाठोडी घेऊन स्टेशनाकडे धावली, माग थांबले, आणि ज्या नादाला आम्ही शांतताच समजत होतो तो नाद गेल्यावर खरी शांतता कशी असते हे प्रथमच कळून अंगावर काटा आला. आम्हां कारकुनांना घरोघर पाठवण्यात आले: किती माणसे, कुणाला ताप, नावे लिहा, गोळ्या द्या. तोंडाला फडके बांधून मी त्या गोदामाचा जिना चढले आणि दार वाजवले. आत हालचाल झाली, कडी मात्र निघाली नाही. मी कोण, कशासाठी आले, हे सांगितले. नावे विचारली.

"बेन, लिखो मत," दाराआडून आवाज आला. "हम बीमार नहीं हैं. बस, लिखो मत."

तो आवाज उद्धट नव्हता. भीतीने मनुष्य ओरडतो; हा मनुष्य भीतीने विनम्र झाला होता. मी गोळ्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि कागदावर 'खोली बंद' असे लिहिले. नोकरीत खोटे लिहिण्याची माझी ती पहिली वेळ.

पंधरवड्याने शहर पुन्हा घरघरू लागले. एका दुपारी मी गोदामावरून जात असताना मिर्झासाहेब पायरीवर उभे होते. त्यांनी उजवा तळहात छातीवर ठेवून किंचित मान झुकवली आणि मला आत बसवून दूध न घातलेला वेलदोड्याचा हिरवा चहा दिला. पडद्यामागे बांगड्या किणकिणल्या. त्यांच्या पत्नी तिथे असाव्यात. मिर्झासाहेब त्यांचा उल्लेख 'घर' असा करीत, आपल्याकडे जुनी माणसे 'मंडळी' म्हणतात तसा. त्या दिवशी, आणि पुढे हिवाळाभर अधूनमधून, त्यांनी मला जे सांगितले ते मी एकदम ऐकलेले नाही. डोंगरावरचे बर्फ जसे एकेका उताराने वितळत खाली येते तसे ते आले.

राजाच्या कारकिर्दीत, तरुणपणी, ते सरकारी नोंदणी खात्यात लागले. काबूलमध्ये तेव्हा सडका होत होत्या, राज्यघटना झाली होती, मुली शाळेत जात होत्या, आणि आता देश घडवायचा तर आधी देशात कोण कोण आहे हे समजले पाहिजे, अशी त्या तरुणांची धारणा होती. मिर्झासाहेब घोड्यावरून, कधी पायी, दक्षिणेकडच्या दऱ्याखोऱ्यांत हिंडले. माणसाच्या ओळखपत्राला तिकडे तझकिरा म्हणतात. आणि तझकिरा म्हणजे स्मरण, उल्लेखही. सरकारला प्रत्येकाचा उल्लेख हवा होता. गावकऱ्यांना मात्र ठाऊक होते की सरकार नाव विचारते ते एक तर करासाठी, नाही तर मुलगा फौजेत न्यायला. ते मुलांना लपवीत. बायकांची नावे तर परक्या पुरुषाला सांगणे म्हणजे अब्रू जाणे. मग हा तरुण मिर्झा त्यांच्यासोबत चहा पिई, त्यांच्या म्हाताऱ्यांची विचारपूस करी आणि सांगे, लिहून ठेवू द्या, उद्या या कागदावरूनच तुमच्या गावाला शाळा मिळेल, दवाखाना मिळेल. हळूहळू पुरुष सांगू लागले: कुणाची किती जमीन, कुणाला वाचता येते, गावचा मुखिया कोण, मौलवी कोण. बायकांच्या रकान्यात ते लिहीत, 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी'.

मग राजा गेला. प्रजासत्ताक आले, आणि एका वसंतात रणगाडे राजवाड्याच्या दारात उभे राहून तेही गेले. नवे राज्यकर्ते घाईत होते. जे शतकांत घडते ते त्यांना हुकमांनी करायचे होते, आणि जो आड येईल त्याला दूर करायचे होते. ते कचेरीत आले आणि त्यांनी कपाटे उघडायला लावली. जमीनवाले, शिकलेले, मुखिया, मौलवी: सगळे सुवाच्य अक्षरात तयारच होते. अक्षर मिर्झासाहेबांचे, म्हणून यादी वाचायला त्यांनाच जीपमध्ये बसवले.

ही हकिकत सांगताना त्यांचा हात पुनःपुन्हा छातीकडे जाई, पण नमस्कारासाठी नव्हे. अशाच एका दरीतल्या गावाच्या मध्यावर, तुतीच्या झाडाखाली उभे राहून त्यांनी नावे वाचली. त्यांना पाहून लोक निर्धास्त झाले. ज्याने आपल्या घरी चहा घेतला, शाळेचे वचन दिले, तोच आला होता.

"मैं पढ़ता गया, बेन," ते म्हणाले. "वो आते गए."

पुकारलेल्यांना घेऊन ट्रक गेला. त्यातला एकही मनुष्य परतला नाही. घरांच्या सपाट छपरांवर बायका उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, नुसत्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. पुढे रशियन फौजा आल्या, गावे उद्ध्वस्त झाली, ती दरीही जळाली असे त्यांनी ऐकले. पण त्यांच्या निद्रेत ती छपरे तशीच राहिली, आणि त्यांवर त्या निनावी स्त्रिया.

दोन वर्षांनी, पौषातल्या एका सकाळी, कचेरीतल्या माझ्या खिडकीच्या जाळीपलीकडे ती करडी टोपी दिसली. त्यांच्या पत्नी आदल्या दिवशी गेल्या होत्या. हृदयविकार होता. त्यांनी डॉक्टरांचा कागद पुढे केला. त्यावर फक्त 'मिर्झा यांची पत्नी' असे होते. मृताचे नाव, असा माझ्या अर्जातला पहिलाच रकाना. मी विचारले, तर त्यांनी वळून मागच्या माणसांकडे पाहिले. मागे रांग वाढत होती, कुणी गुजरातीत कुरकुरले. मी रागावले नाही; मला माझी आई आठवत होती. रेशनकार्डाच्या कचेरीत साहेबाने नवऱ्याचे नाव विचारले की ती पदर तोंडाशी धरून मला कोपराने ढोसायची, कारण नवऱ्याचे नाव तिने उखाण्यातच काय ते घेतले होते, तेही हळदीकुंकवाला, चार बायकांनी आग्रह केल्यावर. हे मी मिर्झासाहेबांना हलक्या आवाजात सांगितले. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काही हलले. त्यांनी माझ्याकडून कागद मागून घेतला आणि त्यावर नाव लिहून दिले.

उजवीकडून डावीकडे, सुंदर, वेलीसारखे वळलेले ते अक्षर मला वाचता येईना.

दोघेही कारकून, आणि मी नकारार्थी मान हलवली. मग ते जाळीशी वाकले, इतके की टोपी जाळीला टेकली, आणि माझ्याखेरीज कुणालाही ऐकू जाणार नाही अशा स्वरात त्यांनी ते नाव उच्चारले. मी लिहिले. त्यांनी ते गुजराती अक्षर बराच वेळ न्याहाळले, आणि सावकाश विचारले, "अब ये रहेगा?"

"हमेशा," मी म्हणाले. पालिकेच्या दप्तराविषयी इतक्या ठामपणे मी कधीच बोलले नव्हते.

त्यानंतर ते कचेरीत जेवणाच्या सुट्टीत येऊ लागले. एक शंभरपानी वही मी दुकानातून आणली. ते डोळे मिटून नावे सांगत: त्या गावात वाचलेली, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक नावामागे आता ते जमीन वा शिक्षण सांगत नसत. हा खळाळून हसायचा. याच्या जर्दाळूंना तोड नव्हती. याचे लग्न ठरले होते. मी मराठीत लिहीत गेले. शेवटी त्यांनी स्त्रियांचेही पान करायला सांगितले, आणि तिथे ते अडखळले, कारण सांगण्यासारखे त्यांच्यापाशी काहीच नव्हते. ते पान कोरे राहिले. त्यांनीच ते तसे ठेवायला सांगितले. म्हणाले, जागा असू दे.

काबूल पुन्हा एकदा नव्या कठोर हातांत गेल्याची बातमी त्या पौषाआधीच आली होती. स्त्रियांना रस्त्यावरून, शाळेतून, कचेरीतून दूर केल्याचे ते आता रेडिओवर ऐकत. उन्हाळ्याच्या तोंडाशी दिल्लीतला पुतण्या त्यांना घेऊन गेला. निघताना मी वही पुढे केली, तर त्यांनी ती हळूच माझ्याकडे सरकवली. ज्याच्या यादीने माणसे नेली, त्याच्या हातात यादी शोभत नाही, असे त्यांनी सांगितले. मग छातीवर हात, किंचित झुकलेली मान. पुढे त्यांचे पत्र आले नाही, आणि मीही पत्ता शोधला नाही.

एकदा घरी, एका रिकाम्या दुपारी, मी ती नावे मोठ्याने वाचू लागले. आई स्वयंपाकघरातून दाराशी येऊन उभी राहिली, शेवटचे नाव संपेपर्यंत थांबली, आणि अहिराणीत म्हणाली, "ह्या नावं कोना शेतस, बेटा?"

मी पान उलटले; पुढचे कोरे होते. ज्यांचे चेहरे, डोंगर मी कधी पाहिले नाहीत, ज्यांची भाषा मला येत नाही, त्यांच्या नसण्याने माझ्या आयुष्याचा एक कोपरा व्यापला आहे. तिथे ऋतू बदलत नाहीत, फक्त कुणीतरी पुकारले जाण्याची वाट पाहत उभे असते. काळ ज्यांना पुसून टाकतो त्यांचे स्मरण तो त्यांच्याच माणसांपाशी ठेवतो असे नाही. कधी कधी ते अगदी परक्या हातांत ठेवून तो निघून जातो, आणि मग त्या हातांना मिटता येत नाही.