सात मिनिटे पुढे

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो, आणि गप्प बसणे माझ्या रक्तात नाही. तरी चौदा वर्षे गप्प बसलो आहे, कौलांच्या जुन्या कारखान्याच्या फाटकाशी, पहारेकऱ्याच्या खोलीच्या छपरावर. बाजूचा हातदांडा गरागरा फिरवला की माझा आवाज पार मातीच्या खाणीपलीकडे जायचा.

दांडा फिरवायचे पहारेकरी दादा. मालक आपल्या मनगटी घड्याळात पाहून सातच्या ठोक्याला फाटक लावून घेई आणि रेंगाळणाऱ्यांचा खाडा पडे. म्हणून दादांनी खोलीतले घड्याळ गुपचूप सात मिनिटे पुढे केले आणि त्यात सात वाजले की मला वाजवू लागले. हे फक्त मला ठाऊक. गावाने आपली घड्याळे माझ्यावर लावली. शाळा, दवाखाना, पिठाची गिरणी, सगळे सात मिनिटे पुढे. बाहेरगावची बस तेवढी रोज 'उशिरा' यायची आणि तिचा ड्रायव्हर वीस वर्षे बोलणी खात राहिला. मला हसू आवरत नसे.

पुढे सिमेंटची छपरे आली. कौले पडून राहिली, भट्टी विझली, खाणीत पाणी साचले. निम्मे गाव कामासाठी बाहेर पडले. आता कारखान्याच्या जागी पार्सलांचे गोदाम आहे आणि दादांची लेक तिथे चिठ्ठ्या चिकटवते. जो तो आपल्या फोनच्या वेळेने येतो नि जातो. दोन शेजारी एका वेळी जेवतील तर शपथ. मी वर नुसता चडफडतो. कावळे येऊन बसतात, घाण करून जातात.

दादांनाही चैन नाही. त्यांना आता काल-आज उमगत नाही, लेकीला ते ताई म्हणतात. पहाटे उठून कामावर निघतात आणि ती त्यांना वाटेतून वळवून नेते.

गेल्या सोमवारी ती आंघोळ करून आली तर दार उघडे, दादा नाहीत. गल्ल्या पालथ्या घातल्या. मग खाणीच्या काठाशी त्यांच्या चपला सापडल्या. भोवती पुरुषभर गवत, आणि हाकांना उत्तर नाही. मी भीतीने गार पडलो. लेक धावत आली आणि शिडी चढली. दांडा गंजून घट्ट बसला होता. फाटकासमोर चहाची टपरी चालवणारा तोच जुना ड्रायव्हर तेलाची बाटली घेऊन वर आला. दोघांनी जोर लावला. आधी मी खोकलो, मग जीव तोडून ओरडलो.

थोड्याच वेळात गवत हलले. अनवाणी दादा, गुडघ्यापर्यंत चिखल, तरातरा फाटकाशी आले.

"कोणी वाजवला? सात मिनिटं उशीर झालाय. पोरांचा खाडा पडेल ना."

लेकीने फोन पाहिला. नुकतेच सात वाजून गेले होते. ती रडता रडता हसू लागली. ड्रायव्हर शिडीवरच बसला.

"म्हणजे मी वेळेवर येत होतो," तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, मला घासूनपुसून काचेत ठेवू नका, तिथे माझा जीव जाईल. दांड्याला तेल घाला आणि मला वाजवा. तुमच्याही घरी कोणी हाकेची वाट पाहत असेल, तर त्याला वेळेवर हाक मारा. वेळेवर म्हणजे सात मिनिटे आधी.